काखेत कळस

म्हैस फोटोत आहे, याबद्दल आता घरात दुमत उरलेलं नाही. वाद एवढाच आहे, की फोटो काढला तेव्हा ती तिथं होती का.

फोटो 2024 च्या मे महिन्यातला, पळसदेवचा. तालुका इंदापूर. पण नुसतं पळसदेव म्हणून भागत नाही, कारण पळसदेव दोन आहेत. एक पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, जिथं एसटी थांबते, चहा मिळतो आणि माझा आतेभाऊ राहतो. दुसरं भीमेकाठचं जुनं, ते उजनी धरणाच्या पोटात आहे. धरण 1980 साली पुरं झालं, त्याआधीच गाव उठून वर आलं. माणसं आली, गुरं आली, दारं-चौकटी-तुळया बैलगाडीत बसून आल्या. पळसनाथाच्या दगडी देवळाला बैलगाडी पुरेना, म्हणून ते खालीच राहिलं. आता पाणी उतरलं की आधी त्याचं शिखर वर येतं, आणि दुष्काळ दांडगा असला तर अख्खं देऊळ. त्यामुळं आमच्याकडं या देवाचं दर्शन जितकं चांगलं घडेल तितकी लोकांना धास्ती वाटते.

त्या वर्षी देव सढळ हातानं दर्शन देत होता. उजनीचं गणित शाळेतल्या गणितासारखं नाही. धरणाची क्षमता 117 टीएमसी. त्यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठा म्हणून तळाशी धरलेलं. म्हणजे टक्केवारी शून्यावर आली तरी धरण निम्म्याहून जास्त भरलेलं असतं, आणि तिथून पुढं टक्के उणे व्हायला लागतात. त्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या घरात पोचले होते. उलट पाऊस लागला की हेच धरण एकशे दहा टक्क्यांवर जातं. असं दोन्हीकडून हद्द ओलांडणारं प्रगतिपुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुण्याहून आम्ही चौघं निघालो: मी, बायको, गाडी चालवायला दाजी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. भाच्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे आणि त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स दुधाच्या किटलीएवढी आहे. पळसदेवला आत्या आणि तिचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, असे दोघं गाडीत चढले. सहा माणसं, बारा डोळे. हा आकडा पुढं लागणार आहे.

गाडी लावली तिथून पुढं धरणाच्या तळातून चालत जायचं. पाणी हटलेल्या जमिनीला हातहात रुंद भेगा. त्यात शिंपले, वाळून कडक झालेली चिलापी, एक एकटी चप्पल आणि बाभळीची काळी खोडं. वर वैशाखातलं ऊन.

दहा मिनिटं चालल्यावर माझ्या लक्षात आलं, की आम्ही सहा जण सहा वेगळ्या गावांतून चाललोय. दादाला फक्त पाइप दिसत होते. पाणी मागं सरकलं की शेतकरी त्याच्यामागं मोटारी घेऊन जातात, चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात, पुन्हा पाणी सरकतं, पुन्हा पाइप जोडतात. दादाच्या लेखी ते देऊळ म्हणजे पाण्याची पातळी सांगणारा एक मोठा दगडी खांब होता. "आज चौथरा उघडा पडलाय, म्हणजे आणखी आठ पाइप लागत्यात," असं तो हात जोडता जोडता म्हणाला. दाजींना दिसत होती ती भिगवणमधली मासळीची हॉटेलं, जी आम्ही तासाभरापूर्वी मागं टाकली होती आणि परतीला पुन्हा लागणार होती. माझ्या बायकोला आमच्या सगळ्यांच्या चपला दिसत होत्या, कारण त्या चपलांसकट आम्ही नंतर गाडीत बसणार होतो.

आणि मला? मी तीस वर्षं मुद्रितशोधक होतो. देवळाच्या वाटेवर कुणीतरी हातानं रंगवलेला एक पत्रा रोवला होता, त्यावर 'मंदीर' लिहिलं होतं. दीर्घ. मी पत्र्यापाशी थांबलो. मागं नऊशे-हजार वर्षांपूर्वीचं वाटावं असं देऊळ पाण्यातून वर आलेलं, आणि मी एका वेलांटीकडे बघत उभा. सवयीला काय करणार? याच सवयीनं मी एकदा एका लग्नपत्रिकेतल्या सगळ्या वेलांट्या सरळ केल्या होत्या. फक्त वराचं नाव वधूच्या जागीही छापलं गेलं होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं. नाव शुद्ध होतं हो, त्यामुळं अडखळायला झालंच नाही.

रशियात यार्बुस म्हणून एक संशोधक होऊन गेला. त्यानं लोकांच्या डोळ्यांना उपकरण बसवून त्यांना रेपिनचं एक गाजलेलं चित्र दाखवलं. घरात बऱ्याच काळानं एक माणूस अचानक परत आलाय आणि घरची मंडळी चकित होऊन बघताहेत, असं ते चित्र. ही माणसं किती वर्षांची असतील, असं विचारलं की बघणाऱ्याचा डोळा चेहऱ्याचेहऱ्यांवर फिरे. घरची परिस्थिती कशी आहे, असं विचारलं की तोच डोळा कपड्यांवर आणि सामानावर जाई. चित्र तेच, माणूसही तोच, नुसता प्रश्न बदलला की डोळ्याची वाट बदले. 1960 च्या दशकातलं हे काम अभ्यासक अजून मानतात. आपल्याकडं मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला जो एकदा बसलाय त्याला यात नवं काही वाटणार नाही. मुलाची आई मुलीच्या नाकाकडे बघते, वडील छताच्या स्लॅबकडे, आणि मामा पोह्यांवरच्या खोबऱ्याकडे. घरी परतल्यावर तिघं तीन घरांची माहिती सांगतात.

त्यात डोळ्याची ताकदही आपण समजतो तेवढी नाही. हात लांब करून अंगठ्याचं नख डोळ्यासमोर धरलं, तर साधारण तेवढ्याच गोलात आपल्याला खरोखर लख्ख दिसतं. बाकीचं सगळं अंधुक. आपल्याला ते अंधुक वाटत नाही, कारण डोळा सेकंदाला तीनेक वेळा उडी मारून नवी जागा टिपतो आणि मधल्या जागा मेंदू अंदाजानं भरतो. म्हणजे एक मजूर, त्याच्याकडं एकच खुरपं, आणि वावर दहा एकरांचं. कुठल्या सरीवर खुरपं चालवायचं ते ठरवणारा मुकादम म्हणजे लक्ष. आणि मुकादमानं कुणाची तरी उचल आधीच घेतलेली असते.

देवळापाशी पोचलो. बाहेर एका बाजूला वीरगळ उभे होते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे मला दादानं शिकवलं. मी सवयीनं वरून सुरुवात केली: सूर्य-चंद्र, मग शिवलिंगाची पूजा, मग अप्सरांसोबत स्वर्गात जाणं, आणि शेवटी लढाई. एका चांगल्या वीराला मी पूजेवरून उठवून रणात नेऊन मारलं होतं.

तेवढ्यात दाजींचा पाय शेणात गेला. ताजं शेण. बायकोनं "सांगत होते" अशा नजरेनं बघितलं, दाजींनी भेगेत पाय घासला, आणि विषय संपला. इकडं भाचा पालथा पडून फोटो काढत होता. काळ्या खडकावर बसलेला गायबगळा. शुभ्र पांढरा पक्षी, खाली काळाभोर दगड. "मामा, काय कॉन्ट्रास्ट आहे!" असं तो दोनदा म्हणाला. त्याआधी त्यानं मला एक ढोकरी दाखवायचा प्रयत्न केला होता. दहा पावलांवर चिखलाच्या कडेला ढोकरी बसली होती म्हणे. त्यानं बोट दाखवलं, बोटाच्या रेषेत माझं डोकं धरलं, "त्या खोडाच्या डावीकडं, वीतभर खाली" असा पत्ता सांगितला. मला चिखल दिसला, खोड दिसलं, वीतभर जागाही दिसली. मग चिखलाचाच एक तुकडा उडाला आणि त्याला दोन पांढरेशुभ्र पंख होते. उडेपर्यंत तो पक्षी नव्हताच. भाच्याला तो पाच मिनिटं दिसत होता.

आत्या देवळात आलीच नाही. लांबूनच हात जोडून ती उतारानं पलीकडं चालायला लागली. पाठीला बाक, पण चाल रोज पाणी आणायला जाणाऱ्या बाईची. मी मागं गेलो. एका जागी ती थांबली. मला तिथं काय दिसलं ते प्रामाणिकपणे सांगतो: दगड. धरणाच्या तळाला असतात तसे, कुठंही, कसेही पडलेले.

"हे जोतं आपलं," ती म्हणाली.

बस्स. ती एवढंच म्हणाली आणि ते दगड एकदम ओळीत उभे राहिले. एक लांब ओळ, मग काटकोन, मग दुसरी ओळ. इतका वेळ हे मला का दिसलं नाही, तेच कळेना. "हितं चूल. हितं उखळ, बग, हाये अजून." खरंच होतं, गाळानं काठोकाठ भरलेलं. "वर माळवद. उन्हाळ्यात सगळी वर निजायची. आन् पलीकडं गोठा. चार दावणी. सगळ्यात कडंची जागा म्हशीची, ती दुसऱ्या कुणाला शेजारी उभं राहू द्यायची न्हाई." ती बोटानं दाखवत गेली आणि प्रत्येक ठिकाणचे दगड आसपासच्या दगडांपेक्षा गडद होत गेले.

हा गडदपणा माझ्या मनाचा हळवेपणा असेल म्हणून मी सोडून दिला होता. मग वाचनात आलं, की न्यूयॉर्कच्या मारिसा कारास्को यांनी 2004 साली नेमकं हेच तपासलं होतं. बारीक रेघांच्या दोन फिकट नक्ष्या पडद्यावर ठेवायच्या, बघणाऱ्याचं लक्ष नकळत एकीकडं वळवायचं, आणि कोणती जास्त ठसठशीत ते विचारायचं. ज्या बाजूला लक्ष, ती नक्षी लोकांना जास्त ठळक दिसे, दोन्ही अगदी सारख्या असल्या तरी. म्हणजे लक्ष नुसतं निवडत नाही, वर रंगाचा एक हातही देतं. शेजाऱ्याची नवी गाडी आपल्याला एवढी चकचकीत का दिसते, हेही मला तेव्हाच कळलं.

मग समूहफोटो. भाच्यानं किटली बाजूला ठेवून मोबाईल काढला आणि आम्हाला आत्याच्या जोत्यापाशीच उभं केलं, मागं तिरकं देऊळ येईल असं. त्याचा सगळा जीव शिखरात. "मामा, डावीकडं. आणखी. कळस कापला जातोय. हात कमरेवर ठेवा. आता आला!" कळस आला तो नेमका माझ्या दंडाच्या आणि बरगडीच्या मधल्या फटीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, या म्हणीचा असा शब्दशः फोटो मराठीत दुसरा नसावा. म्हणीतला कळसा म्हणजे पाण्याची घागर हे मला माहीत आहे, मुद्रितशोधक आहे मी. पण पाणी काय, गावाला वळसा काय, इथं सगळंच जमून आलं होतं. आत्या काही कॅमेऱ्याकडे बघेना. "आत्या, इकडं" असं तीनदा म्हणून झालं. ती आपली बाजूला मान करून गोठ्याकडं बघत राहिली.

फोटो होतो न होतो तोच चारीच्या पलीकडून एका मोटारसायकलवाल्यानं हाळी दिली. आमच्या आणि त्याच्या मधे देऊळ. "ओ पाव्हनं, सुटलेली म्हैस दिसली का हिकडं?"

आम्ही सहाही जणांनी वळून चारी दिशांना बघितलं. भाच्यानं तर किटली डोळ्याला लावून लांबवर पाहिलं. आणि एका आवाजात म्हणालो, "नाही!" त्यानं गाडी वळवली आणि नेमका उलट्या दिशेला धुरळा उडवत गेला.

रात्री फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला. काकूंनी लिहिलं, आत्या वाळल्यासारख्या दिसतात. सोलापूरच्या चुलतभावानं विचारलं, पाणी किती टक्के? एकानं दाजींच्या पोटाबद्दल लिहिलं. चौघांनी देवळाला नमस्काराचे हात पाठवले. फोटो कुणी मोठा करून पाहिला, कुणी पुढं पाठवला, एकानं तो गाडीच्या डॅशबोर्डवर लावला. दोन दिवसांनी भाच्याच्या सहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "ही म्हैस कुणाची?"

आत्याच्या मागं, चाळीस पावलांवर, देवळाइतकीच स्पष्ट. अंगावर ऊन, तोंड कॅमेऱ्याकडं. फोटोसाठी नीट उभं राहिलेली ती एकटीच होती.

मग पंचनामा झाला. भाच्यानं त्याचे गायबगळ्याचे चाळीस फोटो उघडले. काळ्या खडकाला एका फोटोत शेपूट होती. दाजींना शेण आठवलं. ते ताजं होतं, म्हणजे ते कुठून तरी आलं असणार, हा विचार त्यांना अठ्ठेचाळीस तासांनी सुचला. दादाचा फोनवर आवाज आला, की पाइपाचा एक सांधा खुरानं निखळला होता खरा, पण त्याला वाटलं कुणीतरी मुद्दाम केलं. प्रत्येकाच्या हाती म्हशीचा एकेक अवयव आला होता. हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीतले आंधळे निदान हत्तीपाशी आणून सोडलेले होते. आम्ही आपल्या पायांनी गेलो आणि डोळस होतो.

हे आमचंच खूळ नाही, एवढाच काय तो दिलासा. हार्वर्डमध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शब्री यांनी 1999 साली एक छोटी चित्रफीत लोकांना दाखवली. दोन संघ चेंडू खेळताहेत. पांढऱ्या सदऱ्यांतल्या खेळाडूंनी किती वेळा चेंडू एकमेकांकडे टाकला ते मोजायचं. मधेच गोरिलाचा वेश घातलेलं कुणीतरी खेळाडूंच्या मधून चालत जातं, थांबून छातीही बडवतं. मोजणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. मी हे वाचलं तेव्हा म्हटलं, हौशी लोक असतील. पण 2013 साली तिथल्याच काही संशोधकांनी 24 रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसांचे स्कॅन दिले, गाठी शोधायला. एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसडलेलं होतं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना ते दिसलं नाही. आणि त्यांच्या नजरेचा माग काढला तर त्यातल्या बऱ्याच जणांचा डोळा थेट गोरिलावरून गेला होता. डोळा गेला, मुकादम गेला नाही.

मराठीत न बघण्यासाठी शब्द पुष्कळ आहेत. डोळेझाक, कानाडोळा, दुर्लक्ष. पण सगळ्यांत माणसाची थोडी लबाडी किंवा आळस धरलेला आहे. प्रामाणिकपणे, अगदी मन लावून न दिसणं, याला शब्दच नाही. त्यामुळं त्या मोटारसायकलवाल्याला आम्ही कधी भेटलोच, तर काय सांगायचं हा प्रश्नच आहे. कानाडोळा केला म्हणावं तर खोटं, दिसली नाही म्हणावं तर फोटो आहे.

आपल्याकडं या बाबतीत अर्जुनानं फार घोळ करून ठेवलाय असं माझं मत होत चाललंय. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतं? युधिष्ठिर म्हणाला, झाड दिसतं, पक्षी दिसतो, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात. तो नापास. अर्जुन म्हणाला, फक्त पक्ष्याचा डोळा. तो पास. तेव्हापासून घराघरांत मुलांना अर्जुन व्हायला सांगतात. परीक्षा नेमबाजीची होती म्हणून ठीक. पण समजा झाडाखाली कुणाची म्हैस उभी असती आणि गवळी शोधत आला असता, तर त्या अख्ख्या आश्रमात कामाचा साक्षीदार एक युधिष्ठिरच होता. भाच्याला हे मी सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही त्यात कोण?" मी म्हटलं, मी 'पक्षी' शब्दातल्या दुसऱ्या वेलांटीकडे बघणारा.

जुलैत आत्या पुण्याला आली. डोळे तपासायचे होते. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हीकडं मोतीबिंदू, उजवा बराच पिकलाय, इतके दिवस चालवलं कसं? संध्याकाळी चहा पिताना मी तिच्यापुढं तो फोटो धरला. तिनं मोबाईल हातभर लांब नेला, डोळे बारीक केले.

"आत्या, यात म्हैस दिसती का?"

"दिसती की."

"त्या दिवशी तिथं दिसली होती?"

"व्हय. मी तिच्याकडंच तर बघत हुते. हा पोरगा सारखा हिकडं बघ, हिकडं बघ करत हुता."

मी कप खाली ठेवला. "अगं, मग तो माणूस ओरडून विचारत होता तेव्हा तू पण 'नाही' म्हणालीस!"

"त्यानं सुटलेल्या म्हशीचं इचारलं," आत्या म्हणाली. "ही कुठं सुटली हुती? गोठ्यात तर हुबी हुती."